अक्काची मोजणी

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तिला वाकायला, डोळ्याला पाणी लावायला आणि फोडणीच्या धुरात उभं राहायला मनाई केली. पेपर वाचणं तिनं आपणहून बंद केलं. एप्रिलचा महिना होता. सोलापुरात एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि घरात बसलेल्या माणसाला दिवस खायला उठतो. आई आयुष्यात कधी रिकामी बसलेली नाही. काळा चष्मा लावून ती दिवाणावर बसायची आणि पदराचं टोक बोटांत गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी म्हणालो, "काही वाचून दाखवू का?" ती म्हणाली, "मोठं काहीतरी वाच. लवकर संपणारं नको."

मोठं म्हणून मी व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' काढली.

ही कादंबरी मी पहिल्यांदा वाचली ती कॉलेजात असताना, हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या एका मराठी रूपांतरात. पहिली काही पानं गेलेली होती, त्यामुळे ते कुणी केलंय हेही कळलं नव्हतं. पुढे नोकरी लागल्यावर इंग्रजीतला अखंड अनुवाद घेतला. पाच भाग, बाराशेच्या वर पानं. ह्यूगोनं ही कादंबरी १८४५ मध्ये हातात घेतली, राजकारणाच्या धामधुमीत ती मागे पडली, आणि पुढे फ्रान्समधून हद्दपार होऊन गर्न्सी बेटावर राहत असताना त्यानं ती पुरी केली. १८६२ साली ती छापून आली तेव्हा तो साठीचा होता. आईला यातलं काही सांगितलं नाही. मी इंग्रजी पान डोळ्यांखालून घालायचो आणि तिला आपल्या भाषेत सांगत जायचो.

पहिल्या संध्याकाळी वालजाँ आला. पाव चोरल्याबद्दल पाच वर्षं आणि पळून जायचा प्रयत्न केल्याबद्दल आणखी चौदा, अशी एकोणीस वर्षं सक्तमजुरी करून सुटलेला. पाव चोरला तो विधवा बहिणीच्या सात लेकरांसाठी. एकोणीस वर्षांच्या मजुरीतून कपात होऊन हातात पडले १०९ फ्रँक आणि १५ सू, म्हणजे तिथली चिल्लर. इथं आईनं मान हलवली. गिरणी बंद पडल्यावर बाबा थकबाकीच्या कागदांची पिशवी घेऊन किती वर्षं चकरा मारत होते, ते तिला आठवलं असणार. मी वाचत राहिलो. गावातली एकही खानावळ या माणसाला आत घेत नाही, कारण त्याच्याजवळ कैद्याचा पिवळा परवाना आहे. थंडीनं काकडत तो एका झोपडीवजा आडोशात शिरतो, तर ते कुत्र्याचं घर निघतं आणि कुत्राही त्याला हाकलून देतो. शेवटी तो बिशप मिरिएलच्या दारावर थाप मारतो. त्या दाराला कुलूप नसतंच.

बिशप त्याला 'मस्य' म्हणतो. इंग्रजीत ते 'सर' होतं आणि तिथंच सांडून जातं. मराठीत मात्र ते किती सोपं आहे! बिशप त्याला अहो म्हणतो. अहो, बसा. अहो, तुम्हाला थंडी वाजत असेल, इकडे शेकोटीपाशी या. एकोणीस वर्षं ज्याला नुसत्या नंबरानं हाक मारली, त्याला कुणीतरी अहो म्हणतं. ह्यूगो लिहितो की अपमानित माणसाला मानाची तहान लागलेली असते. आपल्याकडे अरे-तुरे आणि अहो-जाहो यांच्यामधलं अंतर ज्यानं सोसलंय, त्याला ही तहान वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. रात्री वालजाँ उठतो, चांदीचे काटे-चमचे झोळीत घालतो आणि भिंतीवरून उडी मारून पळतो. चांदी हा त्या बिशपचा एकुलता एक मोह. पगाराच्या पंधरा हजार फ्रँकांतले स्वतःसाठी हजार ठेवून बाकी तो वाटून टाकतो. आपला मोठा वाडा त्यानं दवाखान्याला दिलाय आणि दवाखान्याच्या छोट्या इमारतीत स्वतः राहायला गेलाय. पण चांदीच्या काट्या-चमच्यांनी जेवणं तेवढं त्याला सोडवत नाही, हे तो मोकळेपणी कबूल करतो. नेमकी तीच गोष्ट चोरीला जाते. सकाळी घरकाम करणारी बाई ओरडत येते तेव्हा तो शांतपणे म्हणतो की ती चांदी गरिबांचीच होती, मीच ती इतके दिवस चुकून ठेवून घेतली. एवढ्यात शिपाई वालजाँच्या मानगुटीला धरून त्याला आणतात. आणि बिशप चोराकडे वळून म्हणतो, अहो, तुम्ही आलात, बरं झालं. मी तुम्हाला मेणबत्त्यांचे चांदीचे स्टँडही दिले होते ना? ते कसे विसरलात?

मी थांबलो. पाणी प्यायला हवं होतं.

आई म्हणाली, "ही तर अक्काची गोष्ट आहे."

"कुठली अक्का?"

"आपली. पूर्वभागातली."

*

आमचं तेव्हाचं घर पूर्वभागात होतं. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो, सोलापूरचा पूर्वभाग म्हणजे मागांचा भाग. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर पिढ्यान्पिढ्या तिथं राहत आले. घरात पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत संसार. दिवसभर खटखट चालायची, आणि ती बंद पडली की लाइट गेली हे घड्याळाआधी कळायचं. सोलापुरी चादर ज्या हातांनी देशभर नेली त्याच घरांतल्या बायका दाराशी बसून विड्या वळायच्या. आम्ही मराठी घर, भाड्यानं राहणारं. बाबा गिरणीत जायचे. या शहरात पहिली मोठी कापड गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली, मग एकामागून एक उभ्या राहिल्या, भोंग्यावर शहर उठायचं आणि जेवायचं. आमच्या लहानपणी त्या एकामागून एक थांबल्या. बाबांची गिरणी थांबली तेव्हा मी दुसरीत होतो.

आई मोहोळ तालुक्यातल्या खेड्यातली. सातवी पास, आणि गणितात वर्गात पहिली. हे ती स्वतः कधी सांगत नाही, पण मामा सांगतो. बाबा घरी बसल्यावर तिनं अक्काच्या शेजारी बसून विड्या वळायला शिकायला सुरुवात केली.

हे काम लांबून सोपं दिसतं. आदल्या रात्री तेंदूची पानं भिजवून गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पान मऊ झालं की त्यावर पत्र्याचा चौकोनी फर्मा ठेवून कात्रीनं त्या मापात कापायचं. मांडीवर सूप. सुपात एका बाजूला पानं, एका बाजूला तंबाखू. पानात चिमूट पसरायची, अंगठ्यानं दाबत वळायची, तोंड मोडून आत खोचायचं, बुडाला दोरा गुंडाळायचा. पंचवीस झाल्या की जुडी. चाळीस जुड्या म्हणजे हजार विड्या, आणि हजारांवर मजुरी. सवयीच्या बाईची पाठ संध्याकाळी वाकलेलीच राहते. दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात न्यायचा. तिथं तपासणारा बसलेला असतो. सैल विडी, जाड विडी, तोंड उघडं राहिलेली विडी तो बाजूला फेकतो. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत. पानं कमी पडली तर ती बाईनं पदरच्या पैशांनी विकत आणायची.

आईला सुरुवातीला दिवसाला सहाशेसुद्धा होत नव्हत्या. आणि त्यातल्या कितीतरी छाटीत जायच्या.

"रात्री मी मोजून ठेवायची," आई म्हणाली. "एकवीस जुड्या. सकाळी कारखान्यात टोपली उपडी केली की तेवीस भरायच्या. कधी चोवीस. मी अक्काला म्हटलं, असं कसं ओ? तर म्हणाली, मोजता येत नाही गं तुला. सातवी शिकली म्हणतीस आणि पंचवीसचा पाढा येत नाही. सगळ्या बायका हसल्या."

"मग?"

"मग काय. रोज तसंच."

"म्हणजे अक्का तिच्या जुड्या तुझ्या टोपलीत..."

"रात्री माझी टोपली तिच्याच ओसरीवर असायची. आपल्या खोलीत उंदीर होते ना."

आईला हे कळायला आठ दिवस लागले. एका सकाळी एका जुडीचा दोरा सुटला म्हणून ती पुन्हा बांधायला बसली आणि तिला दिसलं की त्या विड्या उलट्या वळलेल्या आहेत. आईच्या हाताची विडी वळली की पानाची कड एका बाजूला यायची. या जुडीतल्या पंचवीसच्या पंचवीस विड्यांची कड दुसऱ्या बाजूला होती. गल्लीत डावखुरी बाई एकच होती, अक्का.

मी विचारलं, "तू तिला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर नको म्हणावं लागलं असतं." आईनं पदराचं टोक सोडलं. "माझा स्वभाव तुला माहीत आहे. नको म्हटलं असतं, आणि मग तुझी शाळेची फी कुठून भरली असती? मला काही माहीत नाही असं केलं, म्हणून घेता आलं."

तिचा स्वभाव मला माहीत आहे. त्याच वर्षी एका नातेवाइकांनी आम्हाला पाचशे रुपये दिले आणि ते वास्तुशांतीला, बारशाला, जिथं चार माणसं जमतील तिथं सांगितले. आईनं दोन महिने एक वेळ जेवून ते परत केले. अक्काच्या जुड्या मात्र तिनं वर्षभर घेतल्या. हात बसला, छाट कमी झाली, रोजच्या आठशे-नऊशे होऊ लागल्या, तेव्हा त्या येणं हळूहळू थांबलं. त्या वर्षभरात 'सातवी पास आणि मोजता येत नाही' हे गल्लीतलं नेहमीचं वाक्य झालं होतं. गणितात पहिली आलेली माझी आई ते ऐकायची आणि खाली मान घालून विडी वळायची.

ती गोष्ट ऐकून मी त्या रात्री पुढं वाचू शकलो नाही.

*

निःस्वार्थ हा शब्द आम्हाला शाळेत डॉ. कोटणीसांच्या धड्याबरोबर भेटला. सोलापूरच्या पोराला तो तसाच भेटणार. १० ऑक्टोबर १९१० ला आमच्या गावात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला, बाकीचे परतले तरी तो जखमींमध्ये राहिला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला, वयाच्या ३२ व्या वर्षी. भैय्या चौकातल्या त्यांच्या घराचं आता स्मारक झालंय. शाळेची सहल तिथं गेली होती तेव्हा मी फोटोसमोर उभा राहून फार भारावलो होतो, आणि आजही त्या रस्त्यानं जाताना एकदा आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. पण त्या सहलीचा एक परिणाम असा झाला की निःस्वार्थपणा ही फार लांब जाऊन, प्राण देऊन करायची गोष्ट आहे असं मनात बसलं. आमच्याच ओसरीवर रात्री कुणीतरी टोपलीत दोन जुड्या सरकवतंय, त्यालाही तोच शब्द आहे, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

ह्यूगोचं मोठेपण मला इथं दिसतं. बिशप चांदी देतो याचं कौतुक सगळे करतात. मला आता वाटतं, चांदी देणं ही त्यातली सोपी बाजू. शिपायांसमोर तो चक्क खोटं बोलतो, ही अवघड बाजू. नुसतं "जाऊ द्या त्याला, मी माफ केलं" म्हटलं असतं तरी वालजाँ सुटला असता. पण मग तो माफ केलेला चोर म्हणून सुटला असता. "मीच दिलं होतं, तुम्ही अर्धं विसरलात" म्हटल्यावर तो ज्याची वस्तू घरी राहिली असा पाहुणा होतो. अक्कानंही आईला दान घेणारी होऊ दिलं नाही. तिला मोजणी चुकणारी केलं.

या कादंबरीत प्रेमापोटी खोटं बोलणारी आणखी एक बाई आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सिस्टर सिंप्लिस. जन्मात कधी खोटं न बोललेली नन. ती वालजाँच्या खोलीत असताना आणि तो त्याच खोलीच्या कोपऱ्यात लपलेला असताना, त्याच्या मागावर असलेला इन्स्पेक्टर जावेर येतो. आत कुणी आहे का, तो विचारतो. ती म्हणते, नाही. त्याला पाहिलंत का? नाही. ओळीनं दोनदा. जावेर तिच्या शब्दावर विश्वास ठेवून निघून जातो. आयुष्यभर जपलेला खरेपणा तिनं एका मिनिटात दुसऱ्यासाठी वापरून टाकला. आईला ही सिंप्लिस फार आवडली. "तिचं पुण्य बुडालं नसेल," ती म्हणाली. ह्यूगोही तसंच काहीसं लिहितो.

फांतीनचं प्रकरण वाचायला मी घाबरत होतो. एकटी बाई, पोटच्या पोरीला परगावी एका खानावळवाल्याकडे ठेवून कारखान्यात कामाला लागलेली. पोरीचं गुपित फुटतं आणि तिला कामावरून काढतात. तो कारखाना खुद्द वालजाँचा असतो. तोवर तो नाव बदलून नगराध्यक्ष झालेला असतो, गावाचा अन्नदाता. त्याला या गोष्टीची खबरही नसते. देखरेख करणाऱ्या बाईनं त्याच्या नावावर पन्नास फ्रँक हातात टेकवून तिला बाहेर काढलेलं असतं. चांगल्या माणसाच्या छपराखालीही हे घडतं, हे ह्यूगोनं लपवलं नाही, आणि त्यासाठी मला तो फार खरा लेखक वाटतो.

मग ती शर्ट शिवायला लागते. पुढे तर तुरुंगातल्या कैद्यांकडून स्वस्तात काम करून घेणारा एक कंत्राटदार भाव पाडतो आणि सतरा तासांच्या शिवणाचे नऊ सू मिळू लागतात. त्याआधीपासूनच खानावळवाला थेनार्दिये पत्रं पाठवत असतो, पोरीला थंडीचे कपडे नाहीत, पोर आजारी आहे, पैसे पाठव. फांतीन आपले सोनेरी केस दहा फ्रँकांना विकते आणि लोकरी परकर घेऊन पाठवते. त्यांना पैसे हवे असतात, म्हणून तो परकर ते स्वतःच्या मुलीला घालतात. मग ती समोरचे दोन दात विकते. चाळीस फ्रँक. पोर आजारी नसतेच.

आई इतका वेळ काही बोलली नव्हती. "दात?" ती एवढंच म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "तिच्या शेजारी कुणी नव्हतं का?"

होतं. मी ते पान उलटून परत काढलं. मार्गरीत नावाची एक म्हातारी शेजारीण आहे, जिला स्वतःच्या नावाची सही करण्यापुरतंच लिहिता येतं. गरिबीत कसं राहायचं हे फांतीनला तीच शिकवते. थंडीत शेगडीशिवाय कसं भागवायचं, परकराचं पांघरूण आणि पांघरुणाचा परकर कसा करायचा, आणि समोरच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडात जेवून आपली मेणबत्ती कशी वाचवायची. हे ऐकताना आई हसली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. आमच्या खोलीच्या खिडकीसमोर म्युनिसिपालिटीचा दिवा होता. आम्ही त्याच उजेडात जेवायचो, आणि तो बल्ब गेला की सगळ्यात आधी आई तक्रार करायला पाठवायची. मेणबत्तीची ती युक्ती मी इतक्या वर्षांत दोनदा वाचली होती, पण तो आपल्याच खिडकीतला उजेड आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण मार्गरीत फांतीनला वाचवू शकत नाही. शेजारणीच्या प्रेमालाही एक मर्यादा असते, ती शेजारणीच्या टोपलीएवढी. अक्काकडे सरकवायला जुड्या होत्या. मार्गरीतकडे युक्त्यांखेरीज काही नव्हतं. मला या फरकाचा विचार सोडवत नाही. प्रेमात ताकद असते हे खरंच, पण अक्काच्या हाताला हजारांवर मजुरी मिळत होती म्हणून त्या ताकदीला काही वजन होतं.

फांतीनच्या पोरीची, कोझेतची बादली मात्र आईनं दोनदा वाचून घेतली. १८२३ सालची नाताळची रात्र. आठ वर्षांची पोर अंधारात जंगलातल्या झऱ्यावरून पाण्याची बादली उचलून आणतेय, दहा पावलं चालते आणि थांबते, आणि अचानक बादली हलकी होते. मागून कुणाचा तरी मोठा हात कडीवर आलेला असतो. तो माणूस, म्हणजे वालजाँ, काही बोलत नाही, नुसती बादली धरतो. ती पोर घाबरत नाही. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत आलंय, घागर उचलणं काय असतं ते इथं प्रत्येक बाईला माहीत आहे, त्यामुळं या प्रसंगावर जास्त बोलायची गरज पडली नाही.

*

जावेरवर आमचा वाद झाला. मला तो नेहमी दगडी वाटत आलाय. १८३२ च्या जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर उठाव होतो, बंडखोर जावेरला हेर म्हणून बांधून ठेवतात, आणि त्याला मारायचं काम वालजाँ मागून घेतो. गल्लीच्या टोकाला नेऊन तो दोर कापतो आणि त्याला सोडून देतो. ज्यानं जन्मभर पिच्छा पुरवला, त्याला. नंतर जावेरही वालजाँला सोडतो, पण ते त्याला पचत नाही. कायदा एकीकडे आणि एका कैद्याचे उपकार दुसरीकडे, हा हिशोब त्याच्या वहीत बसत नाही. तो सीन नदीत उडी घेतो.

मी म्हणालो, असल्या माणसाबद्दल दया येत नाही. आई म्हणाली, "त्याला घेता आलं नाही बिचाऱ्याला."

मी गप्प बसलो. देणाऱ्यांबद्दल मी आजवर पुष्कळ वाचलंय. घेणाऱ्याला काय करावं लागतं याबद्दल कुणी बोललेलं मला आठवत नाही. वालजाँनं बिशपचे ते स्टँड घेतले आणि मरेपर्यंत जवळ ठेवले. बाकी चांदी विकली, ते विकले नाहीत. आणि लगेच देव झाला असंही नाही. बिशपचं घर सोडलं त्याच संध्याकाळी त्यानं एका लहान पोराचं चाळीस सूंचं नाणं पायाखाली दाबून धरलं. पोर रडत निघून गेल्यावर त्याला शुद्ध आली, मग तो त्याच्या नावानं हाका मारत रानभर पळत सुटला, आणि पोर काही सापडलं नाही. तिथं तो एकोणीस वर्षांत पहिल्यांदा रडला. मिळालेलं पचवायलासुद्धा वेळ लागतो.

शेवटच्या भागावर मात्र माझं ह्यूगोशी भांडण आहे. कोझेतवर प्रेम करणाऱ्या जखमी मारियुसला वालजाँ पाठीवर घेऊन पॅरिसच्या गटारांतून बाहेर काढतो, मुलीसारखी वाढवलेल्या कोझेतचं त्याच्याशी लग्न लावून देतो, साठवलेले जवळजवळ सहा लाख फ्रँक तिला देतो. आणि मग स्वतः दूर होतो. मारियुसला तो आपण सुटका झालेला कैदी असल्याचं सांगतो, पण तुझा जीव मी वाचवला हे सांगत नाही. मारियुस त्याला हळूहळू घरातून बाहेर करतो. भेटी खालच्या खोलीत होत असतात, आधी तिथं शेकोटी पेटवणं बंद होतं, मग एके दिवशी खुर्च्याच नसतात. म्हातारा समजतो आणि यायचं थांबतो. पूर्वी हे वाचताना माझे डोळे भरून यायचे आणि मी म्हणायचो, काय हा त्याग! आता मला राग येतो. त्या पोरीचं काय? जिच्यासाठी तू सगळं केलंस, तिला आपला बाप कुठं गेला हे कळू नये? खरं काय ते कळून ती धावत येते तेव्हा त्याचे शेवटचे काही क्षण उरलेले असतात. आपलं प्रेम इतकं लपवायचं की दुसऱ्याला ते परत करायची संधीच राहू नये, यात माझ्या मते त्या दुसऱ्यावर अन्याय आहे.

मी हे तावातावानं बोललो. आई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. चटणीसाठी दाणे हवे होते, आणि एवढं काम तिला डॉक्टरांनी करू दिलं होतं. तिनं विचारलं, "ते मेणबत्त्यांचे स्टँड कुणाकडं गेले?"

"कोझेतकडे. मरताना तिला देतो. म्हणतो, चांदीचे आहेत, पण माझ्यासाठी सोन्याचे."

"मग तिला कळलं असेल."

"आई, उशीर झाला ना पण."

तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. ते सूप अजून तेच आहे, कडेला तारेनं बांधलेलं.

अक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा आम्ही पूर्वभाग सोडून जुळे सोलापूरला राहायला आलो होतो. अक्का आजारी आहे असं कळल्यावर आई रिक्षानं तिला भेटायला गेली. ती भेट तिनं मला तेव्हा सांगितली नव्हती. आता, शेंगा फोडता फोडता सांगितली.

खाटेवर अक्का अगदी एवढीशी झाली होती. छाती भरलेली, बोलताना धाप लागायची. सून चहा करायला आत गेली. आईनं तिचा डावा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांना अजून तंबाखूचा रंग होता. आईच्या मनात होतं की आज सांगून टाकावं, मला आठव्या दिवशीच कळलं होतं म्हणून. जुड्यांची कड, दोरा, सगळं सांगावं. तिनं तोंड उघडलंही.

"तेवढ्यात तिनंच विचारलं," आई म्हणाली. "काय गं, मोजता येतं का आता?"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, नाही अक्का. अजून चुकतंच."

आई म्हणाली, अक्का फार हसली. खोकला येईपर्यंत हसली.